काय काय संपलं?

ओब्दुलिया बाई खाणावळीत शिरल्या की भिंतीवरची पाटी वाचत नसत. ओटा पुसायचं फडकं बघत. चिरून ठेवलेल्या लिंबांच्या कडा सुकल्यात का ते बघत. खुर्ची ओढताना आवाज होऊ देत नसत. जेवणाऱ्या अनोळखी माणसांजवळून जाताना ‘प्रोवेचो’ म्हणत, म्हणजे अंगी लागो, आणि ती माणसं उत्तर देताना मान वर करतात का, तिकडे लक्ष ठेवत. मान खाली ठेवूनच कुणी पुटपुटलं तर बाई खूश. पहिला घास नुसत्या तोर्तियाचा, म्हणजे पोळीचा, मीठ लावून. पर्समध्ये एक जादा मोज्यांचा जोड आणि बस लागणाऱ्या पोरांसाठी पिशव्या. चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणं. रस्ता ओलांडताना शेजारच्याचं मनगट धरणं, मग तो मुख्याध्यापक का असेना.

आणि ओट्याशी गेल्यावर पहिला प्रश्न: “काय काय संपलं?”

काय आहे, असं त्या कधीच विचारत नसत. दुपारी दोन वाजता ज्या ओट्यावर काहीच संपलेलं नसतं, तिथे कालचं पण असतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या गेल्या त्याला एकोणीस दिवस झाले. रविवारी सकाळी, अंगणात झाडांना पाणी घालताना. शेजारणीने नळी बंद केली आणि मग मला फोन केला. मी त्यांची विद्यार्थिनी होते. साहित्याची पदवी घेऊन परत आले तेव्हा त्यांनीच मला शाळेच्या ग्रंथालयात चिकटवलं, आणि दर फेब्रुवारीत मदतनीस म्हणून सहलीला नेलं. वयात पस्तीस वर्षांचं अंतर होतं. तरी मैत्रीण हाच शब्द बरोबर आहे. दुसरा मी शोधून बघितला.

बाई इतिहास शिकवायच्या, उत्तरेतल्या तोर्रेओन शहरात, एकोणतीस वर्षं. आमच्याकडे उन्हाळ्यात धूळ आणि बाराही महिने मैद्याची तोर्तिया. शेवटच्या वर्षाच्या मुलांना त्या दरसाल राजधानीत घेऊन जात. चौदा तास बस. पिरॅमिड, राजवाडा, संग्रहालय हे सगळं त्या नीट दाखवत. पण खरा अभ्यास जेवणाचा. आपला देश मोठा आहे हे पोरांना नकाशावरून कळत नाही, ताटावरून कळतं, असं म्हणत. आणि ताट स्वस्त हवं. तिथे त्या हटून बसत, कारण ताट महाग झालं की वर्गातली काही मुलं घरी राहतात.

या वर्षी तेच होऊ घातलं होतं. गेल्या साली वाटेत बस बंद पडली, हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात जेवावं लागलं, सहा मुलांची पोटं बिघडली. ती जागा बाईंनी निवडलेली नव्हती. पण पालक समितीला निमित्त मिळालं. समितीच्या प्रमुख ग्रिसेल्दा काकू म्हणाल्या, सहल एका कंपनीकडे देऊ, हॉटेलातलं जेवण, सगळं आखून. कंपनीच्या दरात अकरा मुलांना येणं शक्य नव्हतं. बाईंना त्या अकरा जणांची नावं पाठ होती. शेवटी असं ठरलं की या वेळी बाईंनीच न्यावं, काकूंनी सोबत यावं, आणि परतल्यावर काकू सांगतील ते समिती मान्य करेल.

काकू बसमध्ये पहिल्या सीटवर बसल्या. त्यांची मुलगी ब्रिसा मुद्दाम शेवटच्या.

पहिले दोन दिवस बरे गेले. पोरं कुरकुरत होती, पण खात होती.

“बाई, इथे मैद्याची तोर्तिया मिळत नाही?” उलिसेसने विचारलं.

“मिळते की.”

“कुठे?”

“तोर्रेओनला.”

तिसऱ्या दिवशी राजधानीतल्या पोर्तालेस वस्तीच्या बाजारात बाईंची ठरलेली खाणावळ होती. मागच्या बाजूला, चार लांब टेबलं, आधी फोन केलेला. आम्ही पोचलो तेव्हा शटर खाली होतं. वर कागद चिकटवलेला: ‘मुलीचं लग्न लवकर करावं लागलं. सोमवारी येतो.’

“लवकर का करावं लागलं?” कुणीतरी मागून विचारलं. बाकीचे हसले. बाई हसल्या नाहीत. त्या कागद पुन्हा एकदा वाचत होत्या.

दुपारचे दोन. छत्तीस मुलं. काकू पुढे आल्या.

“बाई, कोपऱ्यावर बर्गरचं दुकान आहे. छत्तीस डबे बांधून घेऊ. दहा मिनिटांत काम होईल.”

“अर्धा तास द्या मला, ग्रिसेल्दा.”

“मुलं उपाशी आहेत.”

“म्हणूनच म्हणते. उपाशी पोरं नीट शोधतात.”

छत्तीस जणांना एकदम पुरेल असा चांगला ओटा जगात नसतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी चार-चारचे नऊ गट केले, मैत्रिणी मैत्रिणींपासून तोडून. मला बाजाराच्या एका दारात उभं केलं, ड्रायव्हर गोन्सालोला दुसऱ्या. स्वतः मध्ये, फुलवाल्यांच्या चौकात, माझ्यापासून हाकेच्या अंतरावर.

“आत जा. अजून खायचं नाही. जेवणाऱ्यांना प्रोवेचो म्हणा. ओट्यावर फक्त विचारा, काय काय संपलं. मग येऊन मला सांगा.”

“आणि मुलं हरवली म्हणजे?” काकू म्हणाल्या.

“बाजारात कोण हरवतं? दर चार पावलांवर कुणीतरी हाक मारतं, काय हवं बाळा.”

पहिली यादिरा आली, मागे तिचे तिघं.

“बाई, एका ओट्यावर काहीच संपलेलं नाही. मेन्यूवर फोटो आहेत. सुशी पण आहे.”

“पुढचा?”

“पुढची बाई माझ्यावरच डाफरली. म्हणे तू आरोग्य खात्याची आहेस का.”

“मग तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, आमच्या बाईंनी विचारायला सांगितलंय. तेव्हा म्हणाली, हिरव्या मोलेच्या रश्शातलं डुक्कर संपलं, कोंबडीच्या चार तंगड्या उरल्यात.”

“तुम्ही किती आहात?”

“चार.”

“मग इथे उभी का आहेस?”

यादिरा पळाली. बाकीचे गटही एकेक करून येत गेले. कुठे डाळीचं सूप संपलं होतं, कुठे तांबडा भात. एका गटाला एका म्हाताऱ्याने सांगितलं की सगळंच संपलंय, पण बसा, अंडी आहेत. त्यांना बाईंनी तिथेच पाठवलं. वीस मिनिटांत चौक रिकामा झाला. बाई माझ्याकडे बघून मान डोलावत म्हणाल्या, “आपण दोघी शेवटी.”

राहिल्या काकू. हातात पर्स घट्ट धरून त्या गल्लीच्या टोकाला गेल्या. तिथे तोमासा नावाची एक मावशी मोठ्या तव्यामागे बसली होती. बाकड्यावर उलिसेसचा गट आधीच खात होता. मी त्यांच्या मागोमाग जाऊन दहा पावलांवर उभी राहिले.

“एक केसादिया द्या. भोपळ्याच्या फुलांची.”

मावशीने मक्याची पोळी थापली, तव्यावर टाकली, फुलं भरली, दुमडली, ताटलीत दिली. काकूंनी एक घास घेतला आणि पोळी उघडून बघितली.

“मावशी, चीज राहिलं.”

“कशात?”

“ह्यात.”

“तुम्ही चीजची नाही मागितलीत.”

“केसादिया मागितली.”

“हो. फुलांची. फुलं आहेत की.”

“अहो, केसो म्हणजे चीज. नावातच चीज आहे.”

“माझ्या नवऱ्याचं नाव आन्हेल आहे, देवदूत. नावात असतं ते सगळं मिळतं होय?”

बाकडं हसलं. उलिसेस जरा जास्तच. काकूंचा चेहरा लाल झाला. आमच्याकडे उत्तरेत चीज नसलेली केसादिया म्हणजे पाणी नसलेली विहीर. राजधानीत मात्र चीज हवं असेल तर ते वेगळं सांगावं लागतं. ही गोष्ट काकूंना कुणी सांगितली नव्हती. मीसुद्धा नाही.

“हेच,” काकू म्हणाल्या, शांतपणे, म्हणून जास्त भीती वाटली. “स्वस्तातल्या जागी हेच होतं. फसवतात. समितीत मी हे सांगणार आहे.”

तोमासा मावशीने ताटली ओढून घेतली. “पैसे देऊ नका. उठा.”

मी बाईंना बोलवायला वळले तर त्या माझ्या मागेच होत्या. त्या काकूंशेजारी बाकड्यावर बसल्या, चष्मा कपाळावर. मावशीच्या हातातली ताटली त्यांनी अलगद घेतली आणि काकूंची उष्टी पोळी खायला लागल्या. अर्धी संपवली.

“पहिल्या वर्षी मीही भांडले होते,” मग म्हणाल्या. “ह्याच शहरात, ह्याच गोष्टीवरून. बावीस मुलांसमोर. मी त्या बाईला चोर म्हटलं.”

काकूंनी पर्स मांडीवर ठेवली.

“तिने मला दुसरी करून दिली, चीज घालून. पैसे घेतले नाहीत. मुलांनी ते बघितलं. संध्याकाळी एका मुलाने विचारलं, बाई, चोर कोण होतं? म्हणून मी दर वर्षी येते, ग्रिसेल्दा. पिरॅमिड काय, ते कुठे पळत नाहीत.”

उलिसेसचं हसणं थांबलं होतं. तव्यावर कुणाची तरी पोळी करपायला लागली, ती मावशीने उलथली.

“बरं,” काकू म्हणाल्या. “मावशी, माझं चुकलं. मला एक चीज घालून द्या. त्याचे वेगळे पैसे घ्या.”

मावशीने शेजारचा डबा उघडला, आत बघितलं, तिरका करून आम्हालाही दाखवला.

“चीज संपलं.”

बाईंनी माझ्याकडे एकच नजर टाकली. आधी उलिसेस फुटला, मग बाकडं, मग मावशी. सगळ्यात शेवटी काकू, तोंडावर रुमाल धरून.

“मग फुलांचीच द्या,” त्या म्हणाल्या. “दोन.”

दोन झाल्या. मग कणसावरच्या काळ्या बुरशीची एक, जी तोर्रेओनमध्ये कुणी गुरांनाही घालणार नाही. ती खाताना ब्रिसाचा गट बाकड्यामागून गेला. “प्रोवेचो, आई,” ब्रिसा म्हणाली. काकूंनी मान वर न करता काहीतरी पुटपुटलं.

छत्तीसपैकी एकाचंही पोट बिघडलं नाही.

मार्चमध्ये समिती बसली. काकूंनी बाजारातलं सगळं सांगितलं, स्वतःचं भांडणही. म्हणाल्या, कंपनी नको, सहल बाईंकडेच राहू दे. मग एका वडिलांनी सुचवलं की पुढच्या वर्षी वेराक्रूसला न्या, आमच्या पोरांनी समुद्र बघितलेला नाही. सगळ्यांनी बाईंकडे बघितलं. बाई वेराक्रूसला कधीच गेल्या नव्हत्या. तिथे ओळखीचा एक ओटा नाही, एक फोन नंबर नाही.

“नेते,” त्या म्हणाल्या. “आधी मी एकटी जाऊन जेवून येते.”

ईस्टरच्या सुट्टीत त्या गेल्या. दोन दिवस दुपारी दोनला बाजारात. मला त्यांचा रोज एक मेसेज यायचा. पहिला: ‘झिंग्यांचं सूप संपलं.’ दुसरा: ‘केळीच्या पानातलं मासळीचं काही तरी होतं, नाव विचारेपर्यंत संपलं.’ तिसऱ्या दिवशी घसा धरला, ताप आला, त्या परत आल्या. मे महिन्यात पुन्हा जाणार होत्या. माझंही तिकीट काढायला सांगितलं होतं.

परवा त्यांच्या बहिणीने टेबल आवरताना सापडलेला एक कागद मला दिला. वहीचं चौकटीचं पान. पेन्सिलीने आखलेला वेराक्रूसचा बाजार, मधून एक उभी वाट. डाव्या हाताला एकोणीस ओटे. प्रत्येकावर फुली किंवा गोल, आणि बारीक अक्षरात, तिथे काय संपलं होतं. सातव्यावर लिहिलंय, ‘माणूस चिडका, हात स्वच्छ. यादिरासारखी कुणी असेल तर तिला पाठवणे.’

उजव्या हाताचे ओटेही त्यांनी आखून ठेवले आहेत. एकवीस चौकोन. ते कोरे आहेत.