पायाआधीचा खड्डा

आमच्या घराण्यात कॉलेजात जाणारा मी पहिला, आणि होणाऱ्या व्याह्यांना खड्ड्यात उतरवणाराही मीच पहिला.

आम्ही हिंदी मुलखातल्या रांझीत राहत होतो. बाबा कारखान्यात टर्नर. दिवाळीनंतर दादाचं लग्न, म्हणून एकुलत्या एका खोलीला लागून दुसरी बांधायची होती. मी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. भीतभीतच म्हटलं, "बाबा, पाया घालण्याआधी माती तपासायला हवी. काळी असली तर पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भिंती तडकतात."

"मातीले ताप आला काय, हा तपासून राहिला तो?" बाबांनी आईला विचारलं. पण कॉलेजात त्यांनीच घातलेलं, त्यामुळे नाही म्हणता येईना.

खोलीच्या जागेवर मी छातीइतका खड्डा खणला. माती तपासायच्या आतच, त्याच आठवड्यात, पासष्टची लढाई सुरू झाली.

शेजारचे मिश्राजी हवाई हल्ल्याच्या तयारीसाठी नेमलेले मोहल्ल्याचे वॉर्डन. खड्डा पाहून त्यांना भरून आलं. "शाबाश बेटा, सबसे पहले खंदक तुमने खोदी."

"जी, ये तो मिट्टी की जाँच..."

"अब इसे कोई नहीं भरेगा."

"मंग खोली कुठं बांधू? तुह्या डोक्यावर?" बाबांनी मला विचारलं. (याचं उत्तर बहुधा तिसऱ्या वर्षाला असावं.)

अशात एका रविवारी दादाचे होणारे सासरे नागपूरहून आले. धोतर पांढरंशुभ्र. मुलगी राहणार ती खोली पाहिल्याशिवाय ते तारीख पक्की करणार नव्हते. त्यांनी चहाचा कप उचलला आणि इशाऱ्याचा भोंगा वाजला. मिश्राजींनी आम्हा सगळ्यांना खड्ड्यात उतरवलं. तळाशी पावसाचं पाणी होतं.

दाटीवाटीतून सासऱ्यांनी विचारलं, "खोली कुठं हाय?"

"हेच," बाबा म्हणाले. "सध्या आपण तिच्या पायाच्या खड्ड्यात बसून राहिलो."

भोंगा थांबला. सासरे वर आले ते गुडघ्यापर्यंत काळे. आई पाणी ओतत होती, चिखल सुटत नव्हता. मला राहवेना. धोतराचा चिखल बोटांवर घेऊन मी मळला, वळी केली. ती तुटेना, म्हणजे माती चिकण.

"बाबा, काळीच माती. पाया अजून खोल न्यावा लागेल."

"अजून?" सासरे म्हणाले, आणि हसायला लागले. "काहून नाही. एवढं पाहून बांधतात, तर पोरगी सुखात राहीन."

तारीख पक्की झाली. लढाई संपली, पण खड्डा बुजवायची परवानगी मिश्राजी "ऊपर से" आणणार होते. तोवर दादा-वहिनींना होती ती एकच खोली मिळाली, आईबाबांना स्वयंपाकघर.

मला ओसरी. तिथून खड्डा छान दिसायचा.