आधी दाखव, मग रड

शिवणक्लासच्या बाईंना दोन गोष्टींचा मनापासून राग यायचा. एक म्हणजे तिरकी टीप आणि दुसरी म्हणजे न मागता दिलेला सल्ला. टीप त्या उसवून टाकायच्या. सल्ला देणाऱ्याचंही जवळपास तेच करायच्या.

औषधाच्या दुकानावरच्या माडीवर सतरा वर्षं त्यांचा क्लास चालला होता. पुढच्या मोठ्या खोलीत सहा मशिनी, कापायचं एक लांबलचक टेबल, कोपऱ्यात पडदा आणि दार असलेली मापं घ्यायची छोटी खोली. मागच्या दोन खोल्यांत घर. टीप मनासारखी आली की बाई कापड उजेडाकडे धरून फक्त दोन शब्द बोलायच्या, "सरळ आलं." तेवढं ऐकायला मुली महिनोन्‌महिने मान मोडून बसायच्या. आणि कापड बिघडवून कुणी डोळ्यांत पाणी आणलं, तर बाई चष्म्यावरून बघून म्हणायच्या, "आधी दाखव, मग रड." बाईंचं म्हणणं असं, की डोळे भरलेले असताना चूक दिसत नाही.

अशा ह्या बाईंना वयाच्या अडतिसाव्या वर्षी मुलगी झाली.

तयारीत कसूर नव्हती. अठरा झबली, तीन मापांत, कडेला नंबर घालून. यजमान वाचनालयात ग्रंथपाल. त्यांनी बाळाच्या संगोपनावरची चार पुस्तकं स्वतःच्याच नावावर नोंदवून घरी आणली होती आणि सवयीप्रमाणे ती कुजबुजत वाचून दाखवत होते. सासूबाईंनी पाच मुलं वाढवलेली, त्यामुळे त्यांना पुस्तकाची गरज नव्हती. त्या पुस्तकापेक्षा मोठ्याने बोलायच्या. पहिलं झबलं बाळाला घातलं तर ते पायांच्याही खाली लोंबायला लागलं. बाईंचं माप चुकल्याची ही पहिली वेळ. यजमानांनी हसू दाबलं आणि खिडकीबाहेर बघितलं.

झबल्याचं काही नाही, ते आखूड करता येतं. पण बाळ दूध पिईना.

छातीशी घेतलं की लेक दोनदा ओढायची, सुटायची, आणि मग असं भोकाड पसरायची की खालचा औषधवाला काउंटरवरून छताकडे बघत बसायचा. ती ओढत असायची तेव्हा बाईंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. चार दिवसांत स्तनांना चिरा पडल्या. दूध नव्हतं असं नाही. दूध भरपूर होतं. ते अंगावरच्या कपड्यांवर, दुपट्यावर, यजमानांच्या एका पुस्तकाच्या पान सत्तेचाळीसवर, सगळीकडे जायचं. फक्त जिथे जायला हवं तिथे जात नव्हतं.

दवाखान्यातल्या नर्सने पहिल्या दिवशी दाखवलं होतं. तिने विचारलं, "जमेल ना?" बाई म्हणाल्या, "समजलं." क्लासात एखादी मुलगी एकदा बघून "समजलं" म्हणाली असती, तर बाईंनी तिच्याकडून तेच तीनदा करून घेतलं असतं.

घरी आल्यावर त्यांनी आपल्या पद्धतीने मार्ग काढला. मापांची वही उघडली. एका पानावर "डावी" आणि "उजवी" असे दोन रकाने पाडले आणि मिनिटं लिहायला सुरुवात केली. बाळ रडलं की त्याला उचलून त्या मापं घ्यायच्या खोलीत जायच्या आणि आतून कडी लावायच्या. आत कुणालाही प्रवेश नाही.

"अगं, मी बघते ना," सासूबाई दाराबाहेरून म्हणायच्या.

"नको आई, जमतंय."

"जमतंय तर मग ती का किंचाळतेय?"

 यजमान दाराच्या फटीशी तोंड नेऊन कुजबुजायचे, "अगं, इथे लिहिलंय, आई निवांत असावी." आतून उत्तर यायचं ते मात्र कुजबुजत नसायचं.

नवव्या दिवशी, मंगळवारी, डॉक्टरीणबाईंनी बाळाला काट्यावर ठेवलं. जन्माला आली तेव्हा दोन किलो आठशे ग्रॅम होती, आता दोन किलो साडेपाचशे. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "छातीशी लावत राहा. त्यानंतर दूध काढून वाटी-चमच्याने पाजा. शनिवारी परत आणा. वजन वाढलं नसेल तर वरचं दूध सुरू करू. त्यात कमीपणा काही नाही. पोट भरणं महत्त्वाचं."

बाईंना ते पटलं. भुकेल्या मुलापुढे आपला हट्ट धरून बसण्याइतक्या त्या वेड्या नव्हत्या. पण घरी आल्यावर त्या कापायच्या टेबलाशी उभ्या राहिल्या आणि त्यांना फार वाईट वाटलं. उभ्या गावाच्या अंगाला बसतील असे कपडे आपण शिवले, आणि आपलंच लेकरू आपल्या अंगाला बसत नाही. हे कुणाला सांगणार? सांगितलं तर लगेच सल्ला येणार.

बुधवारी दुपारी तिरकी आली.

हे नाव बाईंनीच ठेवलेलं. तिरकी ही क्लासच्या इतिहासातली सगळ्यात वाईट विद्यार्थिनी. सहा महिन्यांचा क्लास तिने तीन वर्षं केला, आणि त्या तीन वर्षांत "सरळ आलं" हे शब्द तिच्या वाट्याला एकदाही आले नाहीत. पुढे तिने लग्न केलं, दोन मुलं झाली, आणि दोन वर्षांपूर्वी बाईंच्या अगदी समोर, रस्त्यापलीकडे, स्वतःचं शिलाईचं दुकान थाटलं. बाई म्हणाल्या होत्या, "गिऱ्हाईक सरळ आत जाईल आणि तिरकं बाहेर येईल." दुकान चाललं. बाईंनी त्या पायरीवर पाऊल ठेवलं नाही.

तिरकीने बाळासाठी मऊ कापडाचे सहा रुमाल शिवून आणले होते. ते सासूबाईंच्या हातात देतेय तोच मापाच्या खोलीतून किंकाळी आली. मग दुसरी. मग बाळाचा आवाज जरा बसला आणि त्याखालून एक वेगळाच आवाज ऐकू आला. बाई रडत होत्या.

सासूबाईंचा चेहरा पडला. पाच मुलांच्या आईला पहिल्यांदाच काही सुचेना. तिरकी चपला काढून दाराशी गेली.

"बाई, मी आहे."

"नंतर ये."

"दार उघडा."

"सांगितलं ना, नंतर ये!"

तिरकीने एक श्वास घेतला. तीन वर्षं जे ऐकत आली होती, ते परत करायची संधी अशी चालून येईल असं तिला स्वप्नातही वाटलं नसेल. पण ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाई, आधी दाखवा, मग रडा."

 मग कडी निघाली.

बाई स्टुलावर बसल्या होत्या. चष्मा घसरलेला, मापांची वही पायाशी पडलेली. "बघ," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा बाळाला पाजायला लागल्या. म्हणजे मांडीवरच्या बाळावर कमरेतून वाकल्या आणि छाती त्याच्या तोंडापर्यंत खाली नेली. बाळ पाठीवर उताणं, फक्त मान वळलेली.

तिरकी बघत राहिली. मग तिला हसूच आलं.

"हसतेस काय?"

"बाई, पहिल्या दिवशी मी मशीनवर अशीच वाकले होते. तुम्ही माझ्या पाठीत पट्टी टोचली होती. काय म्हणाला होतात?"

बाईंनी घसरलेला चष्मा वर सरकवला.

"सुईकडे आपण जायचं नाही, म्हणाला होतात. सुई आपल्या जागी राहते. कापड तिच्याकडे आणायचं."

बाई हळूहळू सरळ झाल्या. तिरकीने अस्तराच्या कापडाचा गठ्ठा ओढून त्यांच्या मांडीवर ठेवला, पायांखाली लाकडी ठोकळा सरकवला, पाठीमागे भिंतीशी उशी लावली. बाळाला कुशीवर वळवून पोट आईच्या पोटाला टेकवलं.

"उभा धागा बघा. कान, खांदा, कंबर एका ओळीत. आता नाक समोर. घाई नाही. तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं."

"ती भुकेली आहे गं."

"असू दे. अर्ध्या तोंडाने घेतलं की चिमटा बसतो. उघडलं! आता आणा तिला."

बाळाने धरलं. बाईंनी दात आवळले.

"दुखतंय?"

"चालेल. धरलंय तर राहू दे."

"बाई!" तिरकी ओरडली, आणि ह्या वेळी मात्र तिच्या आवाजात तीन वर्षांची मजा होती. "चुकलं तर पुढे ओढत न्यायचं नाही! उसवा!"

तिने दाखवलं तशी बाईंनी करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सारली आणि त्याला अलगद सोडवलं. पुन्हा लावलं. पुन्हा उसवलं. चार वेळा उसवलं. इतक्या वेळा तर तिरकीची कॉलरसुद्धा उसवली नव्हती, असं तिरकी म्हणाली आणि बाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं. पाचव्या वेळी हनुवटी आधी टेकली, तोंड मोठं उघडलं, आणि बाईंना ओढ जाणवली पण काजवे चमकले नाहीत. मग एक आवाज आला. गटक. थोड्या वेळाने पुन्हा, गटक. दाराबाहेर सासूबाई आणि यजमान एकमेकांना धरून उभे होते.

"किती मिनिटं झाली?" बाईंनी सवयीने वहीकडे हात नेला.

तिरकीने ती वही उचलून वरच्या फळीवर ठेवली, बाईंचा हात पोहोचणार नाही इतकी वर.

पुढचे तीन दिवस काही सोपे गेले नाहीत. गुरुवारी अर्धा दिवस पुन्हा तेच भोकाड. चिरा भरायला वेळ लागला, वाटी-चमचा चालूच होता. पण आता मापाच्या खोलीला कडी नव्हती. सासूबाई उशी धरायच्या. यजमानांनी पुस्तकं वाचनालयात परत केली. पान सत्तेचाळीसबद्दल त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही.

शनिवारी डॉक्टरीणबाईंच्या काट्याने दोन किलो सहाशे ऐंशी दाखवलं. बाईंनी तीनदा वाचलं. "सध्या असंच चालू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. परत येताना बाई आपल्या जिन्याशी थांबल्या, यजमानांना म्हणाल्या, "अहो, तुम्ही व्हा पुढे," आणि बाळाला घेऊन रस्ता ओलांडला.

तिरकी मशीनवर होती. बाईंना दारात बघून ती उभीच राहिली. बाईंची नजर आधी खिडकीत टांगलेल्या झग्याकडे गेली. त्याची खालची पट्टी एका बाजूला बोटभर उतरली होती. त्यांनी ते गिळलं.

"स्टूल दे. आणि पायाखाली काहीतरी. हिला भूक लागलीय."

त्या ताठ बसल्या. बाळाला कुशीवर घेतलं, थांबल्या. तोंड मोठं उघडलं तसं त्याला जवळ आणलं. दुकानात फक्त गटक, गटक ऐकू येत होतं.

"वजन?" तिरकीने घाबरत विचारलं.

"एकशे तीस ग्रॅम वाढलं."

मग बाई लेकीकडे बघत, चष्मा सारखा करत म्हणाल्या, "सरळ आलं."

तिरकीचे हात कापडावरच थांबले. "हिचं ना, बाई?"

"तुझं गं," बाई म्हणाल्या.

तिरकीने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलायला लागले.

"रड आता," बाई म्हणाल्या. "दाखवून झालंय तुझं."