कोरड्या जागी ठेवावे

धुळे सोडलं तेव्हा आमचा सगळा संसार एका ट्रकमध्ये मावला. पुढे केबिनमध्ये तुमचे आजोबा, मी आणि आठ वर्षांचा तुमचा बाबा. मागे पलंग, भांडी, माझी इंग्रजी पुस्तकांची पेटी, आणि त्या पेटीवर बसलेले सुपडू आणि त्याची नवी नवरी कोकिळा. ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट. आजोबांना जळगावात हायवेला ट्रकचे ब्रेक दुरुस्त करण्याचं दुकान टाकायचं होतं, आणि त्या कामात सुपडूसारखा हात धुळ्यात दुसरा नव्हता. त्याला यायला मीच तयार केलं होतं. निघताना त्याची म्हातारी आई मुलाला माझ्यावर सोपवत, माझा हात धरून म्हणाली, "अक्का, मना पोऱ्या आते तुमना शे." मी मान डोलावली.

ईशा, तू पत्रात लिहिलंस की शाळेचं जुनं छत काढायचं म्हणून तुम्हाला आठवडाभर सुट्टी दिली, अंगभर पांढरे कपडे घातलेली माणसं आली, आणि छतात अ‍ॅस्बेस्टॉस होतं. "आजी, तू हा शब्द ऐकला होतास का?" हो, ऐकला होता. तुझ्या भावाला, रोहनलाही हे वाचून दाखव.

जळगावात आम्ही दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो. एक खिडकी थेट दुकानात उघडायची. चाकाचा ड्रम उघडला की सुपडू कंप्रेसरची हवा मारायचा आणि आत साचलेली राखाडी धूळ ढगासारखी बाहेर यायची. मग नवा ब्रेक लायनर, म्हणजे ब्रेकची पट्टी, कानशीने घासायचा, त्याची आणखी धूळ. ती रस्त्यावर जायची, पलीकडच्या रसवंतीवर, तिच्या शेजारच्या बालवाडीच्या ओट्यावर. कोकिळा रोज दुकान झाडण्याआधी बादलीभर पाणी शिंपडायची. जळगावच्या उन्हात तेवढाच गारवा.

त्या भागात इंग्रजी वाचणारी बाई मी एकटी. औषधाच्या बाटल्या, तारा, कोर्टाचे कागद, सगळं माझ्याकडे यायचं, आणि मला ते आवडायचं. एका दुपारी नव्या कंपनीचे लायनर आले. खोक्यातला इंग्रजी कागद घेऊन सुपडू दारात आला.

"अक्का, यामा काय लिखेल शे? लगनपत्रिका शे का?"

"लगीन व्हई गयं ना तुमनं," कोकिळा मागून म्हणाली. "आते कसानी पत्रिका?"

वरची ओळ होती, कोरड्या जागी ठेवावे. खाली जाड अक्षरांत बाकीचं: यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे. धूळ श्वासात जाऊ देऊ नये. हवा मारून साफ करू नये, ओलं करून पुसावं. फुप्फुसांचे गंभीर आजार होऊ शकतात. मी सगळं वाचलं, मनातल्या मनात. बाहेर दोन ट्रक थांबलेले, दुकानाला अजून वर्षही झालं नव्हतं. सुपडू घाबरून धुळ्याला परत गेला तर?

"कोरड्या जागी ठेवा, असं लिहिलंय," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोकिळा बादली घेऊन आली तर सुपडू तिच्यावर खेकसला, "पानी नको मारू. अक्कानी सांगं ना, कोरडं ठेवो म्हनीसन." मी खिडकीपाशी उभी होते. तेव्हाही बोलता आलं असतं.

त्याच आठवड्यात मी पलंग मागच्या खोलीत हलवले, ती खिडकी खिळे मारून बंद केली, आणि तुमच्या बाबाला दुकानात जायची मनाई केली. अभ्यासासाठी, असं त्याला सांगितलं. आई फार शिस्तीची होती, असं तो अजून सांगतो. आजोबांना मी कागदाबद्दल एकदा सांगितलं. ते "बघू" म्हणाले, आणि मी पुन्हा विषय काढला नाही. त्यांना दोष देत नाही. कागद मी वाचला होता.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुपडूला दम लागू लागला. दहा पावलांवर थांबायचा. दोघं धुळ्याला परतली. डॉक्टर एकाच कारणावर बोट ठेवेनात, बिडीही तो ओढायचा. आजोबा गेल्यावर मी धुळ्याला जाऊन त्याला भेटले आणि त्या कागदात काय होतं ते शेवटच्या ओळीपर्यंत सांगितलं.

सुपडू उशीला टेकून जरा उठून बसला. मग मलाच धीर देत म्हणाला, "धूळ तं बठ्ठी जागावर शे, अक्का." सगळीकडेच असते, म्हणे.

कोकिळा चहा गाळत होती. तिनं वर पाहिलं नाही. "मी तं रोज पानी मारत व्हतू," ती म्हणाली. "तुम्हीनच बंद करं."

आवाज चढलेला नव्हता. तिनं कप माझ्या हातात दिला आणि मी तो चहा प्यायले.

त्यानंतर वर्षभरात सुपडू गेला. तेराव्याला मी गेले नाही. प्रकृतीचं कारण कळवलं, तेही खोटं.

तुम्हा दोघांना दोन भाषा येतात. कोणी कागद वाचायला आणला तर पूर्ण वाचून दाखवा, मग समोरचा निघून गेला तरी चालेल.

माझा जन्म धुळ्याचा, शाळा-कॉलेज धुळ्याचं. जळगावात इतकी वर्षं काढूनही मी स्वतःला धुळ्याचीच म्हणवून घ्यायची, जरा तोऱ्यातच. आता कोणी मूळ गाव विचारलं तर जळगाव सांगते. कोकिळा धुळ्यात एकटी राहते. ते गाव माझं आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.