सरांच्या नावाने फिशपॉन्ड

नव्याण्णव साली नगरमध्ये ई-मेलचा पत्ता असणं ही मिरवायची गोष्ट होती. पत्र पाठवायला कुणी नसलं तरी चालायचं, पत्ता पाहिजे. लग्नाच्या बायोडेटावरसुद्धा मुलं तो छापायची आणि मुलीकडची माणसं विचारायची, हे कुठलं गाव म्हणायचं?

मी तेव्हा एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. मालकांनी मागच्या खोलीत इंटरनेट आणलं होतं आणि बाहेरच्या पाटीवर 'सायबर कॅफे' असं रंगवून घेतलं होतं. कॅफे वाचून माणसं आत येऊन चहा मागायची. सुरुवातीला मी नीट समजावून सांगायचे. पण माझा स्वभाव आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. महिनाभरात मी 'समोर टपरी आहे, तिकडं जा' म्हणून खेकसायला लागले.

धाकटा भाऊ माझ्याबरोबर केडगावात दोन खोल्यांत राहायचा. आई आणि अण्णा देवळाली प्रवराच्या बाजूला, साखर कारखान्याच्या वसाहतीत. अण्णा कारखान्यात फिटर होते. भाऊ बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होता आणि बारावीच्या पात्रतेवर दिलेल्या एका परीक्षेतून केंद्र सरकारच्या खात्यात त्याची निवड झाली होती. मेडिकल झालं होतं. राहिलं होतं फक्त पोलीस व्हेरिफिकेशन. आमच्या घराण्यात सरकारी नोकरीला लागणारा तो पहिलाच. आईने वसाहतीतल्या विहारात किती दुधाची खीर करायची, इथपर्यंत ठरवून टाकलं होतं.

आणि ह्याच पठ्ठ्याने नेमका तेव्हाच फिशपॉन्डचा घाट घातला.

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात फिशपॉन्ड असायचेच. चिठ्ठीवर कुणाची तरी खोडी काढायची, खाली स्वतःचं नाव घालायचं नाही आणि चिठ्ठी डब्यात टाकायची. संमेलनाच्या दिवशी त्या चिठ्ठ्या स्टेजवरून वाचल्या जायच्या. भावाच्या कॉलेजात हे काम अकाउंट्सच्या सरांकडे असायचं. काटक शरीर, खालच्या पट्टीतला आवाज आणि चेहऱ्यावर रेष हलायची नाही. ताळेबंद शिकवावा तशा सुरात ते एकेक फिशपॉन्ड वाचायचे आणि खाली पोरं खुर्च्यांवर उड्या मारायची. मी त्याच कॉलेजची, मीही मारल्या आहेत.

आदल्या वर्षी एका फिशपॉन्डवरून दोन पोरांची जुंपली. म्हणून त्या वर्षी प्राचार्यांनी फिशपॉन्ड बंद करून टाकले. पोरं हिरमुसली. माझ्या भावाला मात्र एकदम अक्कल सुचली, आणि ती माझ्याच क्लासमध्ये बसून सुचली. डबा नाही तर नाही, ई-मेल आहे. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी आमच्याकडेच पत्ते काढले होते. मराठीतले फिशपॉन्ड त्याने इंग्रजी अक्षरांत बडवले आणि सगळ्यांना पाठवायचं ठरवलं.

अडचण एवढीच होती की डब्यात चिठ्ठी बिननावाची जाते, ई-मेल बिननावाचा जात नाही. नवीन पत्ता काढायला नाव घालावंच लागतं. कुणाचंही घातलं तरी चालतं, पुरावा कुणी मागत नाही. भावाने क्षणभरही विचार न करता सरांचं नाव घातलं. फिशपॉन्ड वाचणार कोण? सर. मग पाठवणार कोण? सरच. इतका सरळ हिशोब.

मला ह्यातलं काहीही माहीत नव्हतं. आठवड्याने एका दुपारी सर स्वतः क्लासमध्ये आले. हातात प्रिंटरवर काढलेला एक लांबलचक कागद होता. कुणीतरी तो नोटीस बोर्डावर डकवला होता आणि प्राचार्यांनी तो वाचून सरांकडून लेखी खुलासा मागवला होता.

"तू आपली विद्यार्थिनी, म्हणून तुझ्याकडे आलो," सर म्हणाले. "हे मी लिहिलंय म्हणतात. मला एकदा दाखव, मी हे कसं लिहिलं?"

मला हसू फुटणार होतं, पण सरांचा चेहरा बघून मी ते गिळलं. मी कागद वाचायला लागले. जिमखान्याच्या सरांना: शिट्टी मैदानात, सर कँटीनमध्ये. लायब्ररीतल्या मॅडमना: पुस्तकं वाचून झिजतील म्हणून त्या देतच नाहीत. आणि सगळ्यांत शेवटी, प्राचार्यांना: भोंगा वाजला तरी आंघोळ न्हाई.

मी तिथंच थिजले. नगर शहरात भोंग्यावर कोण आंघोळ करतं? ते बोलणं आमच्या अण्णांचं. कारखान्याचा सकाळचा भोंगा झाला आणि आम्ही अंथरुणात असलो, की पांघरूण ओढत ते हेच म्हणायचे. सबंध कॉलेजात ही ओळ सुचू शकेल असं डोकं एकच होतं, आणि ते माझ्या घरी माझ्या हातच्या पोळ्या खात होतं.

"सर, मला आजची संध्याकाळ द्या," एवढंच मी म्हणाले.

"संध्याकाळ घे. पण मी सकाळीच पोलिसांत अर्ज दिलाय," सर म्हणाले. "एवढी वर्षं नोकरी केली, खुलासा कधी लिहावा लागला नव्हता."

घरी येऊन मी भावाला दारातच धरलं. आधी तो हसला. वर म्हणाला, "कळणार नाही गं ताई. त्यात माझं नावच नाही."

"नाव नाही, भोंगा आहे," मी म्हणाले. "आणि सरांनी पोलिसांत अर्ज दिलाय."

तेव्हा त्याचा चेहरा उतरला. व्हेरिफिकेशनचे कागद त्याच पोलीस ठाण्यात येऊन पडले होते. नाव पुढं आलं तर नोकरी गेली, हे त्याला माझ्याआधी कळलं. मी इतकी संतापले होते की त्याला जेवायलासुद्धा वाढलं नाही, आणि मग तो उपाशी म्हणून मीही जेवले नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून कारखान्याच्या गेटवर फोन लावला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्यानं केलं व्हय? मग त्यालाच सांगू दे," ते म्हणाले. "तू मधी बोलू नगं. आन् त्याला जेवाय घाल."

दुसऱ्या दिवशी फौजदार एका हवालदाराला घेऊन क्लासमध्ये हजर झाले. फौजदार भला माणूस, पण ई-मेल हा प्रकार त्यांच्या हद्दीत पहिल्यांदाच आला होता.

"पाकीट कुठंय?" त्यांनी मला विचारलं. "शिक्का कुठल्या पोस्टाचा हाय?"

"साहेब, ह्याला पाकीट नसतं. हे टेलिफोनच्या लाइनीतून येतं."

"मंग लिवणाऱ्याचं अक्षर तर आसंल?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण फौजदारांनी हात वर केला. अशा बदनामीच्या चिठ्ठ्यांचा तपास त्यांनी आधी केलेला होता आणि त्याची त्यांची एक पद्धत होती. त्यांनी त्या वर्गाची पोरं बोलावून घेतली, प्रत्येकाच्या हातात कोरा कागद दिला आणि सगळ्यांना एकच ओळ लिहायला लावली. म्हणजे हस्ताक्षराचा नमुना. कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये, कॉम्प्युटरला पाठ करून, तीस-चाळीस पोरं खाली मान घालून लिहीत होती: भोंगा वाजला तरी आंघोळ न्हाई. हवालदार रांगांमधून फिरत होता आणि एकमेकांचं बघून लिहू नका म्हणून दम देत होता. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. हसू की रडू, मलाच कळेना.

भावाचा कागद कोराच होता. तो उभा राहिला.

"साहेब, अक्षर तपासू नका. ते मी पाठवलंय. माझ्या एकट्याचं काम आहे."

मी त्याच्यावर इतकी चिडलेली होते, तरी त्या क्षणी मला तो फार आवडला.

फौजदारांनी त्याला ठाण्यात नेलं. मीही मागोमाग गेले. त्यांनी आधी त्याला पाणी दिलं आणि मग झाडलं.

"दुसऱ्याच्या नावानं लिवलं, ही तोतयेगिरी. प्राचार्याला नावं ठेवली, ही बदनामी. आन् ते सरांच्या अंगावर आलं, ते येगळंच. कागदावर लिव न्हाईतर काचंवर लिव, नाव तर त्यांचंच वापरलं ना? अजून नुसता अर्ज हाय, म्हणून वाचलास. सरांनी अर्ज मागं घेतला न्हाई तर गुन्हा नोंदावा लागंल, आन् गुन्हा नोंदला की तुज्या नोकरीच्या कागदावर मला तसा शेरा मारावा लागंल. मी काय करू?"

संध्याकाळी आम्ही सरांच्या घरी गेलो. सर खुर्चीत बसून होते. भावाने सगळं कबूल केलं. सरांनी एकच विचारलं, "माझंच नाव का रे?"

"सर, फिशपॉन्ड तुम्हीच वाचता ना," तो म्हणाला. "मला वाटलं, ते तुमच्याच तोंडी शोभतात."

"वाचतो," सर म्हणाले. "लिहीत नाही. मी लिहिलेलं नाही हे सगळ्यांना माहीत असायचं, म्हणून तर कुणी माझ्यावर रागवायचं नाही." मग ते म्हणाले, "ती सगळी पत्रं परत गोळा करून आण. मग अर्जाचं बघू."

ई-मेल परत गोळा होत नाही, हे सरांना समजावण्यात माझी अर्धी संध्याकाळ गेली. चुकीच्या छापलेल्या लग्नपत्रिका परत आणता येतात, मग ही का नाही, हा त्यांचा मुद्दा होता आणि तो तसा रास्तच होता. शेवटी सर म्हणाले, "मग जिथं जिथं गेलंय तिथं तिथं जा आणि मी लिहिलेलं नाही एवढं सांगून ये."

भावाने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पत्त्यावरून सगळ्यांना माफीचा ई-मेल पाठवला. पण ई-मेल उघडायचा तर पोरांना नगरला यायला हवं, आणि परीक्षेआधीची सुट्टी नेमकी तेव्हाच लागल्याने पोरं आपापल्या गावी गेलेली. म्हणून तो एसटीने गावोगाव हिंडला. पुणतांब्याला मी बरोबर गेले. तिथल्या त्याच्या मित्राने घरी जाताना तो कागद नेला होता, गावात त्याच्या झेरॉक्स निघाल्या होत्या आणि एक केशकर्तनालयात आरशाशेजारी चिकटवलेली होती. आम्ही गेलो तेव्हा दुकानदार ती मोठ्यांदा वाचत होता आणि तोंडाला फेस लावलेलं गिऱ्हाईक खदखदत होतं.

"तुमचं सर लई गमत्या माणूस दिसतोय," गिऱ्हाईक म्हणालं. "आमच्या जत्रंला बोलवा की!"

"ते सरांनी लिहिलेलं नाही," भाऊ म्हणाला. "मी लिहिलंय. त्यांचं नाव मी चोरून लावलं."

"मंग तू ये जत्रंला," ते म्हणालं आणि सगळं दुकान पुन्हा हसलं. दुकानदाराने मात्र उठून ती झेरॉक्स काढली आणि भावाच्या हातात दिली. मित्राच्या आईने आम्हाला बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाऊ घातलं, इतकं की परतीच्या एसटीत मला डुलकी लागली. कोपरगावचा रस्ता मागे पडल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, ह्या लोकांनी सरांना कधी पाहिलंपण नाही. तरी ते सरांनाच हसत होते." त्याला कळलं होतं, आणखी बोलून काय करायचं?

हिंडून झाल्यावर आम्ही सरांना घेऊन ठाण्यात गेलो. सरांनी 'माझी तक्रार नाही' असं लिहून सही केली. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात फौजदारांनी दुसरी फाइल उघडली. ती भावाच्या व्हेरिफिकेशनची होती. वाचता वाचता ते थांबले, भावाकडे बघितलं, मग सरांकडे.

"ह्यात वळखीच्या दोन माणसांची नावं द्यावी लागत्यात," ते म्हणाले. "चालचलणुकीची खात्री देनारी. एक कारखान्याच्या डॉक्टरचं हाय. दुसरं तुमचं हाय, सर."

भावाने मान खाली घातली. फॉर्म भरला त्याला बरेच महिने झाले होते आणि तेव्हा निवड होईल असं आम्हा कुणालाच वाटलं नव्हतं. नगरमध्ये चारचौघांत वजन असलेला, ज्याचं नाव द्यावं असा त्याला एकच माणूस माहीत होता.

"आता आलाच हाय तर इचारून घेतो," फौजदार म्हणाले. "पोरगा कसा हाय?"

सरांनी एकदा भावाकडे बघितलं. मग ताळेबंद शिकवण्याच्या त्याच सुरात, चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाले, "मुलगा चांगला आहे, साहेब. खुशाल लिहा. फक्त हे मीच सांगतोय ना, ह्याची खात्री करून घ्या. हल्ली माझ्या नावाने कुणीही काहीही सांगतं."

फौजदार टेबलावर थाप मारून हसले. हवालदार हसला, मीही हसले. माझा एवढा मोठा भाऊ मात्र तिथं, पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून, लहान पोरासारखा हमसून हमसून रडायला लागला.