बेरीज जुळणारी चाचणी

तेजस्वी हरेश्वर नाखवा हिच्या नोकरीचे स्वरूप असे आहे की इतरांनी नीट केलेले काम मोडता येते का, हे तिने रोज पाहायचे. बेलापूरच्या एका छोट्या कंपनीत ती अकरा वर्षे आहे. करंज्याच्या कोळीवाड्यातून ती सकाळी निघते, कंटेनरच्या रांगांमधून वाट काढणाऱ्या बसने उरणमार्गे जाते आणि दहाच्या आत जागेवर बसते. कंपनी कंपायलर बनवते. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम प्रोसेसरला कळेल अशा आज्ञांमध्ये उतरवून देणारे हे साधन आहे. ते वापरणारे गिऱ्हाईक म्हणजे लहान यंत्रे तयार करणारे कारखाने, आणि त्यांची संख्या एक्केचाळीस.

तिच्याकडे या कामाचा एक अरुंद तुकडा आहे. प्रोसेसरच्या अगदी हाताशी आकडे ठेवायला मोजक्या जागा असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. या कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या प्रोसेसरमध्ये त्या सोळा आहेत, त्यातल्या चार राखीव. प्रोग्रॅमला एका वेळी बारापेक्षा जास्त आकडे लागले, की कंपायलरने काही आकडे मेमरीत नेऊन ठेवायचे आणि गरज पडताच नेमके तेच परत आणायचे. ही ने-आण बिनचूक होते की नाही, हे तेजस्वी तपासते. त्यासाठी ती असे प्रोग्रॅम लिहिते, जे शहाणा माणूस सहसा लिहिणार नाही, कारण त्यांत सारख्याच निकडीचे आकडे एकाच वेळी गर्दी करतात.

तिच्या प्रमाणपत्राशिवाय कंपायलरची कोणतीही आवृत्ती बाहेर पडत नसे. कंपनीत त्याला साइन-ऑफ म्हणतात. एका छापील तक्त्यावर ‘रजिस्टर अपुरे पडणे’ अशी एक ओळ आहे, आणि त्या ओळीपुढे या मार्चपर्यंत तिचे नाव असे. तेवढ्या एका ओळीपुरती ती त्या इमारतीतल्या कुणाच्याही हाताखाली नव्हती.

मार्चमध्ये निकेत नावाच्या एका इंजिनिअरची तक्रार आली. त्याचा कारखाना बंद टाक्यांत उतरणाऱ्या कामगारांसाठी वायुसूचक यंत्र बनवतो. टाकीत प्राणवायू किती आहे आणि पेट घेणारा वायू किती आहे, हे ते दाखवते. दोन नवे सेन्सर जोडल्यावर त्याच्या टेबलावरचे यंत्र मधूनमधून एकाचा आकडा दुसऱ्याच्या जागी दाखवू लागले होते. कंपनीच्या मदत विभागाने त्याला दोनदा कळवले होते की चूक त्याच्या प्रोग्रॅममध्ये असणार. तिसऱ्या पत्रात त्याने लिहिले होते, ‘असेल तर दाखवा. मी तीन आठवडे शोधतो आहे. माझ्या घरचे लोक आता मला जेवायला हाक मारत नाहीत.’

हे पत्र तेजस्वीकडे केवळ नियम म्हणून आले. तिने तिचा प्रोग्रॅम क्रमांक ३१७ काढला. तीन वर्षांपूर्वी लिहिलेली ही तिची सगळ्यात कठोर चाचणी. तीत एक ते चाळीस हे आकडे बाहेरून वाचायचे, म्हणजे कंपायलरला उत्तर आधीच काढून ठेवता येत नाही; चाळीसही शेवटपर्यंत जिवंत ठेवायचे, आणि मग त्यांची बेरीज करायची. ती आठशे वीस यायला हवी. एखादा आकडा हरवला, एखाद्यावर दुसरा लिहिला गेला, तर बेरीज बिघडते. ती कधीच बिघडली नव्हती. त्या सकाळीही उत्तर आठशे वीस आले.

निकेतचे पत्र तिने पुन्हा वाचले. त्याचा एकही आकडा हरवलेला नव्हता. दोघांनी जागा बदलली होती.

बेरजेला जागा कळत नाही. सतरा आणि तेवीस यांची अदलाबदल झाली तरी आठशे वीस हे आठशे वीसच राहतात. हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते, आणि तरीही तीन वर्षे ती चाचणी उत्तीर्ण होताना पाहून तिला समाधान वाटत आले होते. तिने चाचणी बदलली. पहिल्या आकड्याला एकने गुणायचे, दुसऱ्याला दोनने, असे चाळीसपर्यंत, आणि मग बेरीज. उत्तर २२१४० यायला हवे होते. पडद्यावर २२१०४ आले. प्रथम तिला आपणच वाचायला चुकलो असे वाटले. मग तिने चाचणी जुन्या आवृत्त्यांवर चालवली. दोष चौदा महिन्यांपूर्वी, प्रोग्रॅमचा वेग वाढवण्यासाठी केलेल्या एका बदलातून आला होता. मेमरीत ठेवलेले दोन आकडे एकाच वेळी परत आणताना कंपायलर त्यांच्या जागा उलट करत होता, तेही प्रोग्रॅममधल्या एका विशिष्ट वळणावरच. त्या चौदा महिन्यांत पाच आवृत्त्या बाहेर गेल्या होत्या. पाचही तक्त्यांवर तिचे नाव होते.

तिचा वरिष्ठ विपुल हा वाईट माणूस नाही, हे येथे स्पष्ट लिहिले पाहिजे, नाहीतर प्रश्न उगाच सोपा होईल.

“भारी पकडलंस,” तो म्हणाला. “दुरुस्ती दोन दिवसांची आहे. एप्रिलच्या आवृत्तीत टाकू. टिपणीत लिही, ‘चाचण्यांत सुधारणा.’ बस.”

“आणि आधीच्या पाच, सर?”

“चाळीस गिऱ्हाइकांना त्रासच नाही. एकानेच तक्रार केली ना?”

“उलट झालेला आकडाही आकडाच दिसतो. तक्रार करायला कळायला तरी हवं.”

विपुलने खुर्ची पुढे ओढली. “तेजस्वी, नीट ऐक. चाचणी आंधळी होती असं लिहिलंस, की वरून पहिला प्रश्न काय येणार? कुणाची चाचणी? बदल करणाऱ्याचं नाव कुणी विचारणार नाही. नाव तुझं येईल. मी तुला वाचवतोय, बाई. तू मलाच उलट तपासतेयस!”

“तेच माझं काम आहे ना, सर?”

“कंपायलर तपास. मला नको,” तो हसून म्हणाला; पण तिने टिपणी लिहायला घेतली नाही हे त्याने पाहिले.

त्याचे म्हणणे हिशेबाने खोटे नव्हते. बहुतेक गिऱ्हाइकांच्या प्रोग्रॅममध्ये एवढी गर्दी होतच नसावी. पण ‘बहुतेक’ हा शब्द उच्चारणारा माणूस टाकीत उतरत नाही. आपल्या समाजाने जबाबदारीचे इतके तुकडे केले आहेत की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा तुकडा निर्दोष दिसतो. बदल करणाऱ्याने चाचणीवर विश्वास ठेवला, चाचणीने बेरजेवर, कारखान्याने प्रमाणपत्रावर, आणि कामगार यंत्रावर ठेवणार. या साखळीत कुणीही खोटे बोललेले नाही.

रविवारी ती घरीच होती. वडील हरेश्वर दोन वर्षांपूर्वी वारले, होडी विकली गेली. आई नीराबाई विकत घेतलेले बोंबील अंगणातल्या बांबूंवर वाळत घालते. तेजस्वी तिच्या हाताखाली बोंबील उलटत होती आणि दर चार-पाच बोंबलांनंतर थांबत होती.

“काय गो बाय, मासली हाय ती, पुस्तक न्हाय. उलट पटापट,” नीराबाई म्हणाली. “आकडं जुळत न्हाय का तुझं?”

“जुळतात गं. तीच चूक आहे.”

“जुळतान तं चूक कशी?”

तेजस्वीने सांगितले. आईने ऐकून घेतले, एक बोंबील हातात धरूनच.

“कुनी मेलं का त्यापायी?”

“नाही. म्हणजे, माहीत नाही.”

“मंग गप ऱ्हा. आपली चूक आपूनच गावभर सांगाची? कोन सांगतं?”

“बाबा सांगायचे. दुसऱ्याच्या जाळ्यावर होडी गेली, तर बंदरावर जाऊन स्वतः सांगायचे. तूच म्हणायचीस.”

“व्हय, सांगाचा. आन् सगलं हसाचं त्याला. मी तोंड लपवून बाजारात जायची.” नीराबाईने बोंबील बांबूवर टाकला. “तुला ती गंमत वाटली व्हती व्हय?”

तेजस्वीने पुढचा बोंबील उलटला. आई चुकीचे बोलत होती असे तिला म्हणता येईना. खरे बोलणाऱ्याची किंमत घरातल्या दुसऱ्या कुणाला चुकवावी लागते, ही गोष्ट नीराबाईला कुठल्याही विचारवंतापेक्षा जवळून ठाऊक होती.

सोमवारी एप्रिलच्या आवृत्तीचा तक्ता तिच्यापुढे आला. दुरुस्ती झालेली होती, नवी चाचणी २२१४० दाखवत होती, सही करायला काहीच हरकत नव्हती. तिने सही केली. मग तक्त्याच्या मागच्या बाजूला, आजवर कुणी न वापरलेल्या रकान्यात, तिने लिहिले: ‘यापूर्वीच्या पाच आवृत्त्यांना मी दिलेले प्रमाणपत्र मागे घेत आहे. चाचणी ३१७ आकड्यांची अदलाबदल ओळखू शकत नव्हती. ती चाचणी मी लिहिली होती.’ प्रमाणपत्र मागे घेतले गेल्यास प्रत्येक गिऱ्हाइकाला कळवण्याचे बंधन कंपनीच्या करारातच आहे. तो करार कंपनीला भारदस्त दिसण्यासाठी लिहिला गेला असावा. त्याचा कुणी उपयोग करील असे लिहिणाऱ्याला वाटले नसेल.

विपुलने कागद दोन्ही बाजूंनी वाचला. “मला एकदा सांगायचं तरी होतंस.”

“सांगितलं असतं तर तुम्ही थांबवलं असतं.”

“हो,” तो म्हणाला. “थांबवलं असतं.”

आठवड्याभरात एक्केचाळीस पत्रे गेली. भाषा कंपनीच्या वकिलाची होती. ‘विशिष्ट परिस्थितीत’ हे शब्द तीत चार वेळा होते, आणि अदलाबदल हा शब्द एकदाही नव्हता. त्याच आठवड्यात तक्त्यावरची ती ओळ दुसऱ्याच्या नावे झाली. तेजस्वीची नोकरी राहिली, परंतु गिऱ्हाइकांशी कंपनीच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिच्याकडून काढून घेण्यात आला. नऊ जणांनी उत्तर दिले. बाकीचे गप्प आहेत. त्यांनी पत्र वाचून तपासणी केली, की वाचून बाजूला ठेवले, हे कळण्याचा मार्ग नाही.

निकेतने मात्र तिचा नंबर कुठून तरी मिळवला.

“मॅडम, पत्र वाचलं. काहीच कळलं नाही. तुम्ही साधं सांगा. माझी जुनी यंत्रं, सेन्सर वाढवण्याआधीची, ती चांगली आहेत ना?”

“प्रोग्रॅम पाठवा. पाहिल्याशिवाय सांगणार नाही.”

“माझी चूक नव्हती, एवढं तरी म्हणा. घरी सांगायचंय.”

“तुमची चूक नव्हती.”

“पाठवतो प्रोग्रॅम,” तो म्हणाला.

त्याने अकरा प्रोग्रॅम पाठवले. सुट्टीच्या दिवशी, घरी, तिने एकेकातून निघालेल्या आज्ञा हाताने तपासल्या. आठ ठीक होते. तीनमध्ये ते वळण होते. त्या तीन प्रोग्रॅमवर चालणारी चौऱ्याण्णव यंत्रे विकली गेली होती. एकसष्टांचे पत्ते निकेतच्या कारखान्याकडे होते. उरलेली तेहतीस छोट्या विक्रेत्यांमार्फत गेली होती, आणि ती आज कोणत्या टाकीजवळ टांगलेली आहेत हे कुणालाच माहीत नव्हते.

निकेत आणि तिने विक्रेत्यांची यादी वाटून घेतली. तिच्या वाट्याला खोपोलीपासून पालीपर्यंतची दुकाने आली. पहिल्याच दुकानदाराने सगळे ऐकून घेतले आणि संशयाने विचारले, “हे सगळं ठीक, पण तुम्ही कोणत्या कंपनीकडून बोलताय?”

“कंपनीकडून नाही.”

“मग कोणाकडून?”

“मी तेजस्वी नाखवा. यंत्राला लागलेलं साधन मी तपासलं होतं, आणि तपासणी चुकीची होती.”

“थांबा,” दुकानदार म्हणाला. “पेन घेतो. नाव परत सांगा.”

तिने नाव परत सांगितले.