वाट चार जागी लागते

माझी मोठी बहीण, अक्का, इथंच हैदराबादेत, माळाच्या पलीकडच्या गल्लीत राहते. तिचे गुडघे गेले, जीभ शाबूत आहे. रोज सकाळी मी तिला आंघोळ घालायला आणि वेणी घालायला जाते. घरात सून आहे, पण अक्का तिच्याकडून आंघोळ घालून घेत नाही. म्हणते, ती मला भांड्यासारखं घासते.

पायवाटेनं वीस मिनिटं लागतात. सडकेनं जायचं तर तारनाक्याचा सिग्नल, पुलाखालची गर्दी आणि दोन ऑटो. शिवाय ऑटोवाल्याशी बोलावं लागतं. मला ते जमत नाही. आमचे हे म्हणतात, तू बायकांशी बोलतानासुद्धा पदराशी बोलतेस.

आमच्या कॉलनीत रिटायर साहेबांची एक मंडळी आहे. दर रविवारी पांढरे कपडे, पांढरे बूट घालून फिरतात. थोडंसं चालतात आणि तासभर त्याबद्दल बोलतात. यंदा त्यांनी ठरवलं, आसपासच्या सगळ्या पायवाटा तपासायच्या. चांगली असेल ती ठेवायची, खराब असेल तिच्या तोंडाला तारेचं कुंपण घालायचं, म्हणजे तिकडून साप येणार नाहीत. तार दिसली की साप परत फिरतो, असं त्यांना वाटत असावं. सगळे शिकलेले आहेत.

माझ्या वाटेवर घाणेरीची झुडपं आहेत, तिथं कपडे फाटतात. म्हणून स्वतः चालून बघण्याऐवजी त्यांचे अध्यक्ष एक दिवस आमच्या दारात आले. ते तेलुगू, पण माझ्याशी हैदराबादी हिंदीत बोलतात.

"अम्मा, तुम तो रोज जाते ना उधर. तुमीच लिख के देओ, रस्ता कैसा है."

मी दाराआडून म्हटलं, "मेरेकू मराठीच आता साब. चौथी तक."

"परवा नै. बाजूवाली बहू अंग्रेजी कर देती."

बाजूची सून मराठीच आहे. बोलते फडाफडा, पण शाळा इंग्रजी, त्यामुळे मराठी बोट ठेवून वाचते. जोडाक्षर आलं की चढण लागल्यासारखी थांबते.

तीन दिवस मी वही घेऊन गेले. चौथीनंतर मला कुणी काही लिहायला सांगितलं नव्हतं, त्यामुळे अक्षर चांगलं काढलं. लिहिलं, 'मारुतीच्या देवळामागून वाट लागते. मोठ्या खडकापाशी दोन वाटा लागतात. डावी धरावी. उजवी सीताफळाच्या झाडीत जाते, तिथं लोक जातात ते चालायला नव्हे. नाल्यातला तिसरा दगड हलतो. नाल्यापलीकडे परत वाट लागते. वाट चांगली मळलेली आहे.'

रविवारी बदामाच्या झाडाखाली बैठक बसली. मी सगळ्यांच्या मागं, स्कूटरच्या आडोशाला. बाजूच्या सुनेनं इंग्रजीत वाचून दाखवलं. मला काही कळलं नाही, पण सगळे च्च च्च करत होते. मला वाटलं, नाल्यातल्या दगडाचं वाईट वाटलं असेल.

मग अध्यक्ष म्हणाले, "अम्मा के लिखे से रस्ता बहुत मैला है, और चार जगा पूरा बरबाद. कल तार डाल के बंद कर दो."

उद्यापासून अक्काकडे कसं जायचं? मी सुनेला कोपरानं ढोसलं. "अगं, बरबाद कुठं लिहिलंय मी?"

"काकू, तुम्हीच लिहिलंय की. वाट लागते, वाट लागते. मोजल्या मी, खडकापाशी तर एकदम दोन, मिळून चार! आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर बंद पडला की सगळे हेच म्हणतात."

"आणि मैला?"

"मळलेली म्हणजे मळकीच ना? शर्ट मळतो तशी."

"शर्ट मळतो धुळीनं. वाट मळते माणसं चालून. जितकी मळेल तितकी चांगली."

"मग असं साधं लिहायचं ना!"

याहून साधं आम्हाला चौथीपर्यंत शिकवलं नव्हतं.

"बरं, आता सांग त्यांना."

"मी नाही बाई. सासरे पहिल्या रांगेत बसलेत. वर्षभर ऐकवतील."

मग मीच उठले. हळू बोलायचं ठरवलं होतं, पण आवाज भांडं पडल्यासारखा निघाला. "साब, लगती बोले तो मिलती! बरबाद नै जी!"

सगळे वळले. कोणी तरी हसलं. अध्यक्षांनी रजिस्टर उचलून दाखवलं. "अब तो लिख लिए अम्मा."

"लिखी सो मैं है. मेरेकू मालूम, क्या लिखी. चलो, दिखाती."

आणि मी चालू लागले. मागं वळून बघायची छाती नव्हती, पण बुटांचे आवाज येत होते. आठजण आले. वाट एका माणसापुरती, त्यामुळे ओळीनं चालावं लागलं आणि गप्पा बंद पडल्या. एकाची पँट घाणेरीत अडकली. एकजण साप साप म्हणून उडाला, ती काडी होती. नाल्यात मी तिसऱ्या दगडाकडे बोट दाखवून "हिलता" म्हटलं. सगळ्यांनी ऐकलं. अध्यक्षांनी नाही ऐकलं. त्यांचा एक बूट काळा झाला.

अक्का दारात खुर्चीवर बसली होती, केस मोकळे सोडून. तिला मी दिसले आणि माझ्यामागं ओळीनं आठ पांढऱ्या कपड्यांतले पुरुष.

"काय गं भवाने," ती ओरडली, "अजून जीव आहे माझ्यात! आणि न्यायला चार पुरतात, आठ कशाला आणलेस?"

अध्यक्षांनी तिला हात जोडले. मला विचारलं, "क्या बोल रहे?"

"पानी पीते क्या, पूछ रहे."

सगळे पाणी प्याले. अध्यक्षांनी बूट काढून पिळल्यासारखा केला आणि विचारलं, सडकेनं परत कसं जायचं. मी सिग्नल, पूल आणि दोन ऑटो सांगितले. त्यांनी तो ओला बूट परत पायात चढवला. मग रजिस्टरवाल्याला म्हणाले, "तार नक्को. वो तिसरा पत्थर पक्का बिठाओ, लिखो."

ते आल्या वाटेनं गेले. मी दार लावलं. आंघोळीचं पाणी पार गार झालं होतं, ते पुन्हा तापवलं. वेणी घालताना अक्का म्हणाली, "तो भिजल्या बुटाचा माणूस दिसायला बरा आहे."

"तेलुगू आहे, अक्का."

"असू दे. मला कुठं त्याच्याशी बोलायचंय?"