आठ दिवस पडवीत

एप्रिलमधला दुसरा शनिवार, सकाळी साडेआठ. हजर: मुले अकरा, आया सात, आज्या दोन, वडील एक (मोबाइल चार्जिंगला लावून खिडकीशी बसलेले), जागेच्या मालकीण भाभी पाच मिनिटे, मी, आणि माझे मामेसासरे. यजमानांचे हे सख्खे मामा, पण सगळ्या दोंडाईचात त्यांना आबाच म्हणतात. भिण्याच्या बाबतीत आबांचा हात धरील असा माणूस धुळ्यापासून भुसावळपर्यंत सापडायचा नाही. लोक सापाला भितात, वरिष्ठांना भितात, डॉक्टरांच्या रिपोर्टला भितात. आबा ठिणगीला भितात, आणि ठिणगी कशातूनही निघू शकते असे त्यांचे ठाम मत असल्यामुळे ते सगळ्यालाच भितात. लग्नात अक्षता टाकतात, जेवतात, अहेर देतात, पण होम पेटला की मांडवाबाहेर जाऊन रस्त्यावर उभे राहतात. दिवाळीचे चार दिवस ते सोनगीरला बहिणीकडे काढतात आणि तिथेही तिच्या पणत्या मोजून ठेवतात. विझवताना एखादी राहून जायला नको.

यात त्यांचा दोष नाही. आबांनी पस्तीस वर्षे तापीकाठच्या एका जिनिंगमध्ये मिस्त्री म्हणून काम केले. कापसातून सरकी काढायची, रुईच्या गाठी बांधायच्या, आणि दिवसभर नाक वर करून जळका वास येतो का ते बघायचे, ही त्यांची नोकरी. त्या नाकाची कीर्ती अशी की कामगार विडी ओढून आला तर फाटकाच्या अलीकडेच त्याला परत पाठवत. आता त्या जिनिंगच्या जागी मंगल कार्यालय झाले आहे. पण आबांचे नाक अजून निवृत्त झालेले नाही.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही भाभींच्या किराणा दुकानावरच्या खोलीत शनिवारचे वाचन सुरू केले. पद्धत सोपी ठेवली. सहा वर्षांखालचे मूल आईच्या नाहीतर आजीच्या मांडीवर बसणार, मोठ्या माणसाने चित्रांचे पुस्तक वाचायचे, जिला अक्षर लागत नाही तिने चित्र बघून गोष्ट सांगायची, आणि घरी रोज दहा मिनिटे हेच करून कार्डावर सही किंवा अंगठा. पहिल्या शनिवारी आबा त्यांच्या नातीला, पाच वर्षांच्या ठकूला, सोडायला आले आणि तिथेच राहिले. दुसऱ्या शनिवारी जिन्याखाली वाळूच्या चार लाल बादल्या उभ्या होत्या. "ताई, दुकान माझं की फायर ब्रिगेडचं?" भाभींनी मला विचारले. तिसऱ्या शनिवारी आबांनी दारात खुर्ची टाकली. येणाऱ्याचा वास घ्यायचा, काडीपेटी असेल तर जमा करायची, आणि मग लोहचुंबक फिरवायचे. रुईत खिळा गेला की यंत्रात ठिणगी उडते, म्हणून जिनिंगमध्ये त्यांचा हा रोजचाच नेम होता. इथे चुंबकाला मुलींच्या केसातल्या चापांशिवाय काही लागेना, तेव्हा त्यांनी पुस्तकांकडे मोर्चा वळवला. सगळ्या पुस्तकांच्या पिना उपटल्या आणि प्रत्येक पुस्तक गोणी शिवायच्या दाभणाने इतके घट्ट शिवले की ते पुरते उघडेना. माझ्या यादीत तेव्हा "शिवण सैल करणे" असे एक काम वाढले. मी ते केले, आबांनी पुन्हा घट्ट केले.

इथवर ठीक होते. जानेवारीत मात्र आबांनी जिनिंगचा सर्वांत जुना नियम लागू केला. एखाद्या गाठीचा संशय आला तर ती गोदामात ठेवायची नाही. बाहेर उघड्यावर एकटी ठेवायची आणि आठ दिवस लक्ष ठेवायचे. "गाठ वरथून गार रास, सूनबाई, आतमा धुमसस," ते मला म्हणाले, "आठ दिन बाहेर ऱ्हाऊ द्या. मंग दखू." ज्या पुस्तकात आग ते पुस्तक संशयित. दिव्याचे पुस्तक गेले. होळीचे गेले. पाहुण्यांच्या चहाचे पुस्तक स्टोव्हमुळे गेले. पाठच्या पडवीत एक पत्र्याची पेटी होती, ती भरत चालली. शेवटी भाकरीचे पुस्तकही गेले. हे मुलांचे सर्वांत लाडके, कारण त्यात फारसे काही घडतच नाही. एक आजी चुलीपुढे बसून भाकरी थापते, ती फुगते, आणि सगळे खातात.

आठ दिवसांनी पुस्तके परत येतील असे मी धरून चालले होते. आबा दर शनिवारी पेटीवर तळवा ठेवत, मान हलवत आणि आणखी आठ दिवस वाढवत. मुलांमध्ये बातमी पसरली की पेटीत आग आहे. कोणीतरी धूर पाहिला. कोणाला आवाज आला. एक चिमुरडी पडवीचे दार दिसले की रडायला लागली, तिची आई पुढच्या शनिवारी आली नाही, आणि माझ्या वहीतला मुलांचा आकडा एकोणिसावरून अकरावर आला. खरे सांगायचे तर मीसुद्धा घरातून निघताना गॅसची खुंटी तीनदा बघू लागले. यजमान म्हणाले, "मामाचं वारं लागलं तुला."

मग ठकूची आई, आबांची सून ज्योती माझ्याकडे आली. ज्योती चौथीत शाळा सोडलेली. वाचनाला आली तेव्हा कार्डावर सही करतानाही घाम पुसायची. आता बोट ठेवून सावकाश वाचते. तिने एकदम विषयाला हात घातला. "ताई, मी गॅस पेटाडस तवय ठकू आंगणमा पळी जास. गरम भाकरी खास नही. पुस्तकले बी आबांनी हात लावल्याशिवाय हात लावस नही. जूनमध्ये शाळा. तठे आबा कोठून येतील?" म्हातारा भितो त्याचे हसू येते. पाच वर्षांची पोर अंगणात पळते त्याचे हसू येत नाही.

मी सरळ आबांकडे गेले. वहीत मुद्दे लिहून नेले होते. पहिल्याच मुद्द्यावर ते म्हणाले, "भाकरीनं पुस्तक सोडीसन बोला." मी विचारले, आबा, त्या पुस्तकात काय आहे एवढे? त्यांनी चष्मा काढून पुसला. मग जे सांगितले ते घरात कोणाला माहीत नव्हते. जिनिंगमध्ये एका गाठीचा त्यांना संशय आला होता. "मी हात लाईसन दखं. गार व्हती. मी सांगं, लई जा." गाठ आत गेली. तिसऱ्या दिवशी शेड पेटली. सगळे बाहेर पडले, पण सरकी वेचणारी एक बाई मागे राहिलेला डबा घ्यायला वळली. वाचली ती. "पण हात, सूनबाई. तिना दोन्ही हात." पुढे तिची सून तिला भरवायची. पुस्तकात भाकरी थापणाऱ्या हातांचे पानभर चित्र आहे. मी वही मिटली.

तरीही मी हट्ट धरला, कारण ठकूचा प्रश्न तिथेच अडला होता. मार्चच्या एका शनिवारी पेटी उघडली, भाकरीचे पुस्तक आत आणले आणि आबांना मधोमध बसवले. तुम्हीच वाचा, म्हटले. आबांनी आयुष्यभर गाठींचे नंबर पुकारलेले, गोष्टही त्यांनी तशीच पुकारली. "चूल, एक. तवा, एक. आजी, एक." मुले खिदळली. मग ते पान आले. आबांनी पुस्तक मिटायला घेतले. मी उठणार एवढ्यात ठकू त्यांच्या मांडीवर सरकली. तिने आपला तळवा चित्रावर ठेवला, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत फिरवला, पान उलटून मागूनही बघितले आणि म्हणाली, "आबा, गार शे. वाचा."

आबांनी शेवटपर्यंत वाचले. आयांनी डोळे पुसले, भाभींनी खालून शेव पाठवली, खिडकीशी बसलेल्या वडिलांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, मला धडकी भरली. कारण त्यानंतर प्रत्येक पान उलटण्याआधी ठकूने तळवा ठेवला होता, आणि पुढच्या शनिवारी अकराही मुले तेच करत होती. ठकू आता स्वयंपाकघरात थांबते. पण आबांनी गॅस तपासला की मगच. आबांची नोकरी तिने घेतली असे सगळे कौतुकाने म्हणतात. ती आबांसारखी चांगली व्हावी असे मलाही वाटते. आबांसारखी सावध, तुटक झोप मात्र तिला लागू नये.

आज वाचन संपल्यावर ज्योतीने पिशवीतून शाळेचा अर्ज काढला. मी घ्यायला हात पुढे केला तर तिने तो दिला नाही. स्वतःच वाचू लागली. बोट ठेवून, थांबत थांबत, नाव, जन्मतारीख, पत्ता. "मुलास सोडण्यास येणाऱ्या व्यक्तीचे नाव," इथवर आली आणि थांबली. आबा पाठीमागे उभे होते. "मन्हं नाव लिखा," ते म्हणाले. शाळा त्यांनी आधीच जाऊन पाहिली आहे. फाटकापासून वर्गापर्यंत सत्तावन्न पावले, बादली एकही नाही. फाटकाशी बाक आहे, त्यावर शाळा सुटेपर्यंत बसायची त्यांची तयारी आहे. "आबा, मोठे लोक फाटकाशी थांबत नाहीत," मी म्हटले. "मी काय मोठा शे? मी कोपऱ्यामा बसस," म्हणाले आणि ठकूची चप्पल सरळ करून तिच्या पायात घालू लागले. ती त्यांच्या टकलावर हात ठेवून उभी होती.

खाली उतरताना ज्योतीने अर्ज माझ्या हातात कोंबला आणि हळूच म्हणाली, "ताई, मन्हं नाव लिखा. तिले मी सोडसू. आबांना तुम्ही सांगा."

तिचे म्हणणे बरोबर आहे. आबांना कोणीतरी सांगायला हवे आणि ते मीच सांगायला हवे, हेही बरोबर आहे. मी जिन्यावर थांबले, पेनही काढले. समोर आबा ठकूचे बोट धरून रस्ता ओलांडत होते. दोन्ही बाजूंना दोनदा बघून, उन्हात, अगदी सावकाश.

अर्ज माझ्या फाइलमध्ये आहे. बाकी सगळे रकाने भरून झाले. सोमवारी बाराच्या आत शाळेत द्यायचा आहे. आबांशी बोलणे बाकी.